नवतप्यातला गिलावा

शाळेच्या पोहण्याच्या तलावाला आम्ही सगळे टाकंच म्हणतो. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, उथळ बाजूला तीन फूट आणि खोल बाजूला पाच फूट. गेल्या उन्हाळ्यात त्याचा जुना गिलावा काढून नवा केला. जूनमध्ये पाणी भरलं, ते निवळलं, आणि सकाळी सहाला काठावर जाऊन खाली पाहिलं तेव्हा पोटात धस्स झालं. पांढराशुभ्र तळ दिसायला हवा होता, आणि दिसत होते राखाडी ढग. उथळ बाजूला कुठे फिकट, कुठे गडद, ओल आलेल्या भिंतीवर असतात तसे पट्टे. चारही भिंतींवर सारख्या उंचीवर दोन आडव्या रेघा, दोरी मारून आखल्यासारख्या. पूर्वेच्या भिंतीवर वरच्या बाजूला भेगांचं बारीक जाळं. पायऱ्यांपाशी हात फिरवला तर कानशीसारखं लागलं. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून साडेचार लाख रुपये उभे केले होते, त्यातला बहुतेक पैसा या एका थरात गेला होता. त्या दिवशी मला नाश्ता गेला नाही.

आमची निवासी शाळा वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, कपाशी-तुरीच्या काळ्या रानात आहे. मी इथे क्रीडाशिक्षक आहे. खेड्यातल्या शाळेला पोहण्याचा तलाव कशाला, असं लोक विचारतात. आमच्या पोरांच्या प्रत्येक घराजवळ विहीर असते, आणि २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून शेतोशेती शेततळी झाली. बऱ्याच शेततळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तर असतं. त्यावर शेवाळ धरलं की उतारावर पाय ठरत नाही. आत घसरलेल्या पोराला धरायला काही सापडत नाही, पोहता येत असूनही वर येणं कठीण जातं. म्हणून सहावीत आलेल्या प्रत्येक मुला-मुलीला तरंगायला आणि काठापर्यंत यायला शिकवल्याशिवाय मी सोडत नाही. त्यासाठी तळ पांढरा आणि पाणी नितळ लागतं. काठावरून सर्वांत खोल जागेची, पाणी बाहेर जायची जाळी स्पष्ट दिसली नाही तर मी एकाही पोराला पाण्यात उतरू देत नाही. तळाला राखाडी ढग असतील तर बुडालेलं सावळं पोर त्यात हरवू शकतं. मला हे डाग दिसायला वाईट आहेत म्हणून नव्हे, यासाठी झोंबत होते.

जुना गिलावा चौदा वर्षांचा होता. पांढरा सिमेंट झिजून आतली मार्बलची खडी उघडी पडली होती. काम काढलं ते सुट्टीत, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात. उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी टाकं तयार हवं, हा हट्ट आमचाच होता. ठेकेदार बाहेरगावचा, मजूर बालाघाटकडचे. तारीख पडली २८ मे. सूर्य रोहिणीत गेला की आमच्याकडे नवतपा लागतो, वर्षातले सर्वांत तापलेले नऊ दिवस. दुपारी पारा ४५ च्या वर होता आणि वारा असा की धुतलेला टॉवेल दहा मिनिटांत खडखडीत वाळायचा.

पांढरा सिमेंट, मार्बल पावडर आणि बारीक खडी यांचा अर्धा इंच थर. सकाळी खोल बाजू झाली ती छान झाली. अकराच्या पुढे माल थापला की लगेच ओढायला, म्हणजे घट्ट व्हायला लागला. गुरमाळा फिरेना म्हणून मिस्त्री ब्रश बुडवून पाणी शिंपडायचा आणि वरून घोटायचा. पुढचा तुकडा लावून परत येईपर्यंत मागचा घट्ट झालेला, मग त्यावर सगळं वजन टाकून पोलादी गुरमाळा रगडायचा. मी तिथेच होतो. पोरं उन्हात राबताहेत म्हणून त्यांना ताक पाजत होतो, पण काम दुपारी थांबवा असं माझ्या तोंडून निघालं नाही. आज मला त्या तीन तासांत उथळ बाजूचा प्रत्येक डाग दिसतो. जिथे पाणी शिंपडून घोटलं तिथे वरचा थर फिकट आणि सच्छिद्र झाला, जिथे उशिरा रगडलं तिथे दाट आणि गडद. पुढे कुठलीही पावडर टाकली तरी हा फरक जाणार नव्हता.

भिंती दोन दिवस तशाच उघड्या राहिल्या. पूर्वेच्या भिंतीचं तोंड पश्चिमेला, म्हणून दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्या अंगावर. वर गोणपाट घालून ओलं ठेवलं असतं तर ते जाळं पडलं नसतं असं मला वाटतं.

मग पाणी भरण्याची वेळ आली. तलावात साधारण २,४०,००० लीटर पाणी मावतं. भरायचं शाळेच्या विहिरीवरून, आणि त्या मोटारीची लाइन शेतीपंपाच्या फिडरवर. तीन फेज वीज आठ तास, मग बंद. पहिल्या दिवशी पाणी उथळ बाजूच्या तळावर चार बोटं चढलं आणि लाइट गेली. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी काठापर्यंत. ताज्या गिलाव्यावर पाणी जिथे थांबतं तिथे कड वाळते, क्षार बसतो, आणि खालचा ओला भाग व वरचा कोरडा भाग वेगवेगळे पिकतात. आमच्या दोन आडव्या रेघा म्हणजे दोन वेळा गेलेली लाइट. एकदा पाइप सोडला की काठापर्यंत थांबायचं नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

ठेकेदाराला फोन केला. तो आला, पाहिलं, आणि म्हणाला, “सर, अ‍ॅसिड मारून देतो. दोन दिवसांत दुधासारखं पांढरं होईल.” मुख्याध्यापिका बाई लगेच तयार झाल्या, कारण उद्घाटनाला पाहुणे बोलावलेले होते. माझंही मन डळमळलं. तरी मी म्हटलं, आधी एक हात रुंद तुकडा करून दाखवा. वरच्या पायरीच्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर त्यानं पातळ अ‍ॅसिड ओतलं, फेस आला, ब्रश मारला, धुतलं. खरंच पांढरं झालं. बाई खूश. मी तिथे पेन्सिलीनं चौकट आखून ठेवली आणि पंधरा दिवस थांबू या म्हटलं. पंधरा दिवसांनी त्या चौकटीत बोट फिरवलं तर साखरेवरून फिरवल्यासारखं लागलं, आणि हिरवट शेवाळ सगळ्या तलावात फक्त तिथे धरलं होतं. अ‍ॅसिडनं डाग काढला नव्हता, डागासकट वरची गुळगुळीत साय खाल्ली होती. अर्धा इंचाच्या थरातली तीच साय पाणी अडवते. सगळ्या टाक्याला अ‍ॅसिड मारलं असतं तर नवा गिलावा एका दुपारीत दहा वर्षांनी म्हातारा झाला असता.

अ‍ॅसिडला नाही म्हटल्यावर प्रश्न उरला तो हा, की यातलं काय नुसतं दिसायला वाईट आहे आणि काय खरोखर बिघडलेलं आहे. इथे आमचे रसायनशास्त्राचे सर उभे राहिले. ते शांत माणूस, प्रयोगशाळेतून फारसे बाहेर न पडणारे. त्यांनी आधी टाक्याला हातच लावला नाही. “पहिले पाणी तपासू,” म्हणाले.

बारावीची मुलं पाण्याची कठीणता मोजायला जे करतात तेच त्यांनी केलं. ५० मिलिलीटर पाणी, पीएच स्थिर ठेवणारं बफर, इरिओक्रोम ब्लॅक टी या रंगद्रव्याचे दोन थेंब. पाणी द्राक्षाच्या रसासारखं लाल झालं. वरून ब्युरेटमधून, कठीणता बांधून टाकणारं ईडीटीए थेंब थेंब. २६ मिलिलीटरवर लाल रंग एकदम निळा झाला. म्हणजे कठीणता लीटरला ५२० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ती २०० पर्यंत चांगली, दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे आपण हे पाणी पितो, पण त्यात मुरलेला दगड बराच आहे. त्यातलं कॅल्शियम वेगळं काढलं तर ३४० भरलं. पोहण्याच्या तलावाला २०० ते ४०० चालतं, तिथे गोची नव्हती. गोची क्षारतेत होती, म्हणजे पाण्यातल्या आम्ल पचवणाऱ्या क्षारांत. ती ८० ते १२० च्या दरम्यान हवी, आमची ३८०. आणि पीएच ८.२, जो ७.२ ते ७.६ हवा.

सरांनी फळ्यावर लँगेलिअरचा हिशेब मांडला. विल्फ्रेड लँगेलिअर नावाच्या अमेरिकेतल्या पाणीतज्ज्ञानं १९३६ साली पाण्याच्या नळांसाठी तो काढला. पीएच, तापमान, कॅल्शियम आणि क्षारता यांची बेरीज-वजाबाकी करून एक अंक येतो. शून्याच्या आसपास असेल तर पाणी समाधानी. उणे असेल तर पाणी भुकेलं, ते गिलाव्यातला चुना खातं. अधिक असेल तर पाणी भरलेलं, ते चुना बाहेर टाकतं, जिथे जागा मिळेल तिथे. आमचा अंक दीडच्या वर गेला होता. त्यात नवा गिलावा स्वतःच महिनाभर चुना सोडत असतो, त्यामुळे पीएच रोज वर चढतो. आणि मी भर काय घातली होती, तर निर्जंतुकीकरणासाठी गावच्या विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर. तिच्यातही चुनाच. सर म्हणाले, “तुम्ही रोज सकाळी टाक्यात चुना पेरत होते ना जी.” मला वाईट वाटलं, पण त्याच दिवशी पावडर बंद केली आणि पातळ सोडियम हायपोक्लोराइट सुरू केलं.

मग एकेक डाग. शिडीच्या बोल्टपाशी तांबूस ओघळ होता. दवाखान्याच्या पेटीतली क जीवनसत्त्वाची गोळी सरांनी माझ्या हातात दिली आणि डागावर दाबून धरायला सांगितली. दोन-तीन मिनिटांत गोळीखालचा रंग फिका पडला. म्हणजे लोखंड. बोल्ट बदलला, विषय संपला. भिंतीवरच्या खरखरीत पापुद्र्यावर पाण्याखाली ओला पॉलिश पेपर घासला, तो निघाला आणि खाली गुळगुळीत गिलावा सापडला; म्हणजे तो वर बसलेला क्षार. तोच पेपर राखाडी ढगांवर घासला तर ढग तसाच. तो गिलाव्याच्या अंगातला रंग. त्याला हात लावायचा नाही, असं आम्ही ठरवलं.

भेगांच्या जाळ्याची मला सर्वांत जास्त भीती होती, कारण आमची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, घरांच्या भिंती उभ्या चिरते. सरांनी जाळ्यातल्या वीस भेगांच्या टोकांवर पेन्सिलीनं आडवी खूण केली, शेजारी तारीख. पायरीवर टाक्यातलंच पाणी भरून बादली ठेवली, बादलीत आणि टाक्याच्या भिंतीवर पातळीची रेघ मारली. चोवीस तासांनी दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं होतं, म्हणजे गेलं ते उन्हानं गेलं. गळती नव्हती. पावसाळाभर भेगा खुणांच्या पुढे सरकल्या नाहीत. नुसत्या वरवरच्या केसभेगा. त्यावर पुट्टी भरून द्यायची ठेकेदाराची तयारी होती. आम्ही नको म्हटलं, कारण केसाएवढ्या भेगेत काही भरता येत नाही, वरून फासलं जातं आणि सहा महिन्यांत पोपडे निघतात.

उरलं पायऱ्यांपाशी लागणारं खरखरीत. तिथे आम्ही चुकलो. तोही क्षारच, पेपरनं घासू, असं समजून मी पोरांना पाण्यात घेतलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सातवीतली एक पोर पायरीवरून उतरताना “सर, चावलं काहीतरी” म्हणून ओरडली. अंगठ्याखाली लांब ओरखडा, रक्त पाण्यात पसरलेलं. तिला वर घेतलं, जखम धुतली, पट्टी बांधली. ती रडली नाही, पण पुढे आठवडाभर टाक्याकडे फिरकली नाही, आणि घरची विहीर उघडी असलेली ती पोर. तो आठवडा मला फार जड गेला.

त्या दुपारी मी एकटा पाण्यात उतरून श्वास रोखून पायऱ्या चाचपल्या. सपाट खरखर नव्हतीच ती. वाटाण्याएवढ्या टणक गाठी होत्या, एकेक सुटी, टोकदार, काही एका ओळीत. क्षार बसतो तो सगळीकडे सारखा बसतो. इथे गाठी एवढ्याच भागात का? पुट्टीच्या पट्टीनं दोन गाठी उडवल्या आणि सरांकडे नेल्या. जिथून उडवल्या तिथे गिलाव्यात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसत होतं.

सरांनी गाठ मधोमध फोडली आणि ताज्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब टाकला. बाहेरच्या कवचावर रंग आला नाही. आतल्या पोकळीत, जिथे अजून ओलं पांढरं काहीतरी होतं, तिथे थेंब पडताच गुलाबी झाला, जास्वंदीसारखा गडद. आत ताजा चुना, बाहेर दगड. म्हणजे गिलाव्याच्या मागे पोकळी आहे. छिद्रातून पाणी आत जातं, पोकळीत बसून चुना विरघळवतं, त्याच छिद्रातून झिरपत बाहेर येतं आणि टाक्यातल्या पाण्याशी भेटल्यावर तोच चुना दगड होऊन तोंडाशी साचतो. गाठी खरवडल्या तरी पुन्हा येणार. आठवड्यात आल्याच. वर दिसणारी गाठ हा रोग नव्हता, रोग मागे होता: गिलाव्यानं जुनी भिंत धरलेलीच नव्हती.

बाई म्हणाल्या, टाकं रिकामं करा आणि ठेकेदाराला बोलवा. रास्त बोलणं होतं. पण इथे आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सिव्हिल इंजिनिअरांनी हात जोडून अडवलं. “भर श्रावणात काळ्या मातीतलं टाकं रिकामं करू नका,” ते म्हणाले. जमिनीत पाणी वर आलेलं असतं. टाकं भरलेलं आहे तोवर आतलं वजन बाहेरच्या दाबाला तोलून धरतं. रिकामं केलं की बाहेरचं पाणी खालून रेटतं; तळ फुगू शकतो, फुटू शकतो, अख्खा सांगाडा उचलला जाऊ शकतो. त्यांनी आम्हाला विहिरीत दोर सोडून पाहायला सांगितलं. पाणी जमिनीपासून चार फुटांवर होतं. आमचा तळ पाच फुटांवर. पुढे कुणी वाद घातला नाही.

मग थांबणं आलं. पायऱ्यांकडचा भाग दोरी बांधून बंद केला. दर शनिवारी मी गाठी खरवडायचो आणि किती निघाल्या ते वहीत लिहायचो. बाकी टाक्यात नायलॉनच्या ब्रशनं सकाळ-संध्याकाळ भिंती घासायच्या, पीएच मोजायचा, तो खाली आणायला जरुरीपुरतं अ‍ॅसिड बादलीभर पाण्यात मिसळून खोल बाजूला हळूहळू सोडायचं. अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. ते काम मी आणि सर सोडून कुणालाही करू दिलं नाही. पावसानं मोठी मदत केली. आभाळाचं पाणी मऊ असतं. टाकं ओसंडत राहिलं, जड पाणी वाहून जात राहिलं, आणि पोळ्यापर्यंत क्षारता अर्ध्यावर आली. भिंतींवर क्षाराची पांढरी भुकटी बसायची बंद झाली. दोन आडव्या रेघाही फिकट झाल्या. ती पोर परत आली. दोरीपासून लांब, खोल बाजूच्या शिडीनं उतरायची.

संक्रांतीनंतर विहिरीत पुन्हा दोर सोडला. पाणी चौदा फुटांवर गेलं होतं. आठ दिवस क्लोरीन न टाकता पाणी तसंच ठेवलं आणि मग शाळेच्या गव्हाला सोडलं.

ठेकेदाराची दहा टक्के अनामत आमच्याकडे होती, तरी तो आला नाही. त्यापेक्षा आम्ही गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणतं. सत्तरी ओलांडलेली, उकिडवं बसून चालत चालत काम करणारी माणसं असतात तसे. त्यांनी छोटी हातोडी घेतली आणि पायऱ्यांपासून सुरुवात केली. टक्, टक्, टक्. हातभर सरकले. टक्, टक्, आणि मग भद्द. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “आयकलं का मास्तर?” ऐकलं होतं. घट्ट गिलावा दगडासारखा वाजतो, सुटलेला डफासारखा. मी खडू घेऊन त्यांच्या मागे चाललो. भद्द वाजलं की खूण, खुणांना जोडून गोल. सगळ्या टाक्यावर दोन दिवस हातोडी फिरली. सात गोल निघाले. पाच पायऱ्यांभोवती, दोन उथळ बाजूच्या तळावर. सगळ्यात मोठा परातीएवढा. ज्या गडद ढगांना पाहून माझी झोप उडाली होती ते बहुतेक सगळे टणटण वाजले. ज्या पायऱ्या वरून सर्वांत पांढऱ्या दिसत होत्या त्याच आतून सुटल्या होत्या.

पहिला गोल आबाजींनी ग्राइंडरनं चौकोनी कापला आणि छन्नी लावली. गिलाव्याची ढलपी पापडासारखी सुटून हातात आली. मागची बाजू गुळगुळीत होती. खालच्या जुन्या भिंतीवर बोट फिरवलं तर बोटाला पांढरी धूळ लागली. बाकी सगळीकडे मजुरांनी छन्नी-हातोडीनं टाचे मारून जुना थर खडबडीत केला होता. पायऱ्यांच्या कोपऱ्यात हात पोचायला अडचण, म्हणून तिथे टाचे नाहीत, धुणं नाही. आबाजी एवढंच म्हणाले, “धुळीवर सारवन धरते का कधी?”

सातही तुकडे कापले. कडा तिरप्या न ठेवता सरळ उभ्या कापल्या, म्हणजे ठिगळाची कड कागदासारखी पातळ होऊन उडत नाही. टाचे मारले, दोनदा धुतलं, रात्रभर ओलं ठेवलं. सकाळी भिंत ओलसर पण पाणी न तरंगणारी झाल्यावर लॅटेक्स घातलेल्या पांढऱ्या सिमेंटची खीर ब्रशनं चोळली आणि ती ओली असतानाच माल भरला. रोपवाटिकेतली हिरवी शेडनेट वर ताणली होती. दहाच्या आत काम बंद, पुन्हा चारनंतर. घोटताना आबाजींनी एक थेंब पाणी शिंपडलं नाही. गुरमाळा ओढायला लागला की ते थांबायचे, हाताच्या पाठीनं अंदाज घ्यायचे आणि बरोबर वेळी एकदाच फिरवायचे. मी मे महिन्यातला तो मिस्त्री आठवत होतो. त्याचा हातही वाईट नव्हता. त्याला आम्ही उन्हात घाईला लावलं होतं. ठिगळांवर बारदान टाकून सात दिवस ओलं ठेवलं.

भरताना या वेळी विजेच्या भरवशावर राहिलो नाही. एका पालकाचं जुनं डिझेल इंजिन आणून विहिरीवर बसवलं. पाइपाचं तोंड सर्वांत खोल जागी, खाली पोत्याची घडी, तोंडाला कापड बांधलेलं, म्हणजे धार गिलाव्यावर आपटत नाही. शुक्रवारी पहाटे सुरू केलं. मी, सर आणि वसतिगृहाचे काका पाळीपाळीनं जागलो. मधे विहीर तळाला जाऊ लागली तेव्हा इंजिनची गती कमी केली, पण धार तुटू दिली नाही. शनिवारी दुपारी पाणी काठाला लागलं. नवी रेघ एकही नाही.

पाणी तेच, विहिरीचं, क्षारता ३८०. फरक एवढाच की या वेळी पहिल्या दिवसापासून पीएच हातात होता. अठ्ठावीस दिवस कुणी उतरलं नाही, दिवसातून दोनदा ब्रश, रोज मोजणी. बाईंनी पाहुण्यांची तारीख मागितली नाही. उलट रोज सकाळी प्रार्थनेनंतर त्या काठावर येऊन जाळी दिसते का ते स्वतः पाहू लागल्या.

मार्चमध्ये पोरं पाण्यात उतरली. ठिगळं दिसतात, जुन्यापेक्षा पांढरी आहेत, सात चौकोन कुणालाही मोजता येतील. ढगही तिथेच आहेत, थोडे फिके झाले. त्यासाठी मी तळाच्या जाळीभोवती गडद निळ्या टाइलची चौकट बसवून घेतली, म्हणजे काठावरून नजर कुठे लावायची ते पक्कं राहतं, आणि ढगांच्या भागात एका वेळी सहाच्या वर मुलं घेत नाही. अनामतीतून आबाजींची मजुरी, माल आणि डिझेल वजा करून उरलेली रक्कम ठेकेदाराला पाठवली, हिशेबासह.

वर्षभराच्या वहीत शेवटची गाठ २० जानेवारीची आहे. परवा शनिवारी मी पुन्हा पायऱ्या चाचपल्या, हातांनी आणि मग अनवाणी पायांनी. सातवीतली ती पोर आता आठवीत गेली. वरच्या पायरीवर बसून तिनं विचारलं, “सर, उतरू का इथूनच?” मी हो म्हटलं.